कराचीहून बीदरला : सिडनी कॉटन नावाचा वैमानिक

हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या पुस्तकांत एक परकी नाव अधूनमधून येते आणि वाक्य संपताच निघून जाते. निजामाला पाकिस्तानातून रात्री विमानाने शस्त्रे आणून देणारा सिडनी कॉटन. कोणी त्याला इंग्रज म्हणतात, कोणी दलाल, कोणी नुसताच 'एक गोरा वैमानिक'. पुढच्या परिच्छेदात लगेच रझाकार येतात आणि कॉटन मागे राहतो. त्या काळात लिहिणाऱ्यांना या माणसाचा भूतकाळ खणायला सवड नव्हती, ते साहजिकच आहे. त्यांच्या पुढ्यात जळालेली गावे होती. पण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करणाऱ्या आपल्या पिढीला आता सवड आहे. आणि हा माणूस एका वाक्यात मावणारा नाही.

आधी नकाशा उघडू. १९४८ साली हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. चारही बाजूंनी भारत. रस्ते, रेल्वे, टपाल, सगळे भारताच्या हद्दीतून. बाहेरून काही आणायचे तर एकच वाट उरत होती, वरची. शस्त्रे येत होती कराचीहून आणि उतरत होती बीदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर. कराची आणि बीदर या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती सौराष्ट्र ओलांडून सुरतेच्या थोडी खालून किनाऱ्यावर येते, नाशिकच्या उत्तरेकडून नेवाशाकडे उतरते, शेवगाव-पैठणच्या मधून निजामाच्या मुलखात शिरते, गेवराई आणि बीडच्या मधून, अंबाजोगाईच्या डोक्यावरून, लातूरला उजव्या हाताला ठेवून बीदरला पोहोचते. साधारण तेराशे किलोमीटर. वैमानिक काही पट्टी लावून उडत नसतो, चोरून जाणारा तर नाहीच. तरीही निजामाची हद्द या रेघेवर जिथे सुरू होते तो मुलूख आमच्या बीड जिल्ह्याचा आहे, आणि कासिम रझवीने जिथे वकिली केली ते लातूर त्याच रेघेच्या कडेला आहे, हे पाहिल्यावर मला हा विषय 'बाहेरचा' वाटेनासा झाला.

फ्रेडरिक सिडनी कॉटन इंग्रज नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये प्रॉसर्पिनजवळच्या एका पशुपालनाच्या मळ्यावर १७ जून १८९४ रोजी तो जन्मला. शिक्षण थोडे तिकडे, थोडे इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला. परत जाऊन गुराढोरांच्या मळ्यावर उमेदवारी केली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तो पुन्हा इंग्लंडला आला आणि १९१५ च्या अखेरीस तिथल्या नौदलाच्या हवाई शाखेत दाखल झाला. त्या वेळी वैमानिक होणे म्हणजे काही तासांचे शिक्षण आणि पुढे ज्याचे त्याचे नशीब. कॉटनने इंग्लिश खाडीवर गस्त घातली, मग फ्रान्समधून रात्रीची बॉम्बफेकी उड्डाणे केली. रात्री उडण्याची सवय त्याला तिथे लागली.

उघड्या विमानात वर गेले की थंडीने बोटे आखडत. १९१६-१७ च्या हिवाळ्यात एकदा अचानक इशारा झाला, तेव्हा कॉटन आपल्या यंत्राजवळ काम करत होता. अंगावर तेलाने आणि ग्रीसने माखलेली डांगरी. तसाच उडाला. खाली उतरल्यावर बाकीचे कुडकुडत होते आणि हा मात्र उबदार. दुसरा कोणी असता तर नशीब म्हणून विसरला असता. कॉटनने विचार केला की डांगरीत मुरलेल्या तेलाने वारा आत येऊ दिला नाही आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ दिली नाही. त्याने लंडनच्या एका दुकानाकडून एकसंध पोशाख शिवून घेतला. आत पातळ केसाळ अस्तर, मध्ये हवा न जाणारे रेशीम, बाहेर हलके जलरोधक कापड. त्याच्या नावावरूनच त्याला 'सिडकॉट' म्हणू लागले. पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत आणि त्यानंतरही हा पोशाख वैमानिकांच्या अंगावर होता. तेवढ्यावरही त्याचे नाव राहिले असते.

पण वरिष्ठांशी पटवून घेणे त्याच्या स्वभावात नव्हते. १९१७ च्या ऑक्टोबरात खटका उडाला आणि त्याने राजीनामा दिला. युद्ध अजून वर्षभर चालायचे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढेही तेच घडत राहिले. कल्पना त्याची, काम उत्तम, आणि शेवटी दार बंद.

दोन युद्धांमधल्या काळाविषयी फार लिहीत नाही. न्यूफाउंडलँडच्या बर्फात विमानातून सील माशांचे कळप शोधणे, टपाल पोहोचवणे, पैसा कमावणे, पैसा घालवणे असे ते दिवस. तिशीच्या दशकात 'डुफेकलर' या रंगीत फिल्मच्या धंद्यात तो शिरला. या धंद्यामुळे युरोपभर त्याच्या ओळखी झाल्या, जर्मनीतसुद्धा. आणि फोटोग्राफी हा त्याचा विषय झाला. ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या फ्रेड विंटरबॉटमला नेमका असाच माणूस हवा होता. स्वतःचे विमान असलेला, धंद्याच्या निमित्ताने कुठेही जाऊ शकणारा आणि पकडला गेला तर सरकारला हात झटकता येतील असा.

१९३९ च्या उन्हाळ्यात कॉटन 'लॉकहीड १२ ए' नावाचे दोन इंजिनांचे प्रवासी विमान घेऊन जर्मनी आणि भूमध्य समुद्रावर फिरला. बरोबर कॅनडाचा बॉब निव्हन. विमानाच्या पोटात कॅमेरे दडवलेले, त्यांवर सरकती झाकणे. खूप उंचावर थंडीने भिंगावर दव धरते आणि चित्र उठत नाही, हा जुना त्रास होता. आतली गरम हवा भिंगावरून वाहील अशी व्यवस्था करून त्याने तो सोडवला. जुलैमध्ये फ्रँकफुर्टच्या विमान मेळाव्यात हे देखणे विमान पाहायला जर्मन सेनाधिकारी जमले. त्यांतल्या केसेलरिंगला कॉटनने आत बसवून आकाशात फिरवले आणि तो विमान चालवत असताना खाली कॅमेरे चालू ठेवले. ही हकीगत कॉटनने स्वतः सांगितलेली आहे आणि तो गोष्ट रंगवून सांगणारा माणूस होता हे त्याचे पुस्तक वाचताना पानोपानी कळते. पण त्याने आणलेली छायाचित्रे खरी होती.

सप्टेंबरात युद्ध पेटले. ब्रिटिश हवाई दलाची टेहळणी विमाने अवजड आणि संथ होती, शत्रूच्या हाती सापडत होती. डच किनाऱ्याची छायाचित्रे हवी होती आणि मिळत नव्हती. कॉटनला सल्ला विचारायला बोलावले. त्याने परवानगीची वाट न पाहता आपले खासगी विमान काढले, किनाऱ्यावर जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत चित्रे टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांना वाटले, ही युद्धाआधीची असणार. कालची आहेत म्हटल्यावर कौतुकाआधी, हे करण्याचा तुम्हाला अधिकार काय, असा सूर निघाला. आपल्याकडच्या कचेऱ्यांत ज्याने कधी चकरा मारल्या आहेत त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

तरीही त्याला काम मिळाले. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर छायाचित्रणाची तुकडी त्याच्या हाताखाली उभी राहिली. विंग कमांडरचा हंगामी हुद्दा मिळाला. त्याचे म्हणणे साधे होते. टेहळणीच्या विमानाने लढू नये, पळावे. त्यासाठी सर्वांत वेगवान यंत्र घ्यावे आणि त्यातून नको ते सगळे काढून टाकावे. त्याने दोन स्पिटफायर मिळवली. त्यांतल्या मशीनगन काढल्या, रेडिओ काढला, पंखांवरच्या फटी बुजवल्या, पत्रा घासून गुळगुळीत केला आणि आकाशात मिसळून जाईल असा फिकट हिरवट रंग दिला. वेग ताशी तीसेक मैलांनी वाढला. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी मॉरिस लाँगबॉटम फ्रान्समधून असे एक स्पिटफायर घेऊन जर्मन हद्दीकडे गेला. शस्त्र नसलेल्या एकट्या विमानाने खूप उंचावरून, खूप वेगाने जाऊन चित्र घेऊन यायचे, ही पद्धत तिथून सुरू झाली. १९४१ च्या मे महिन्यात नॉर्वेच्या खाडीत दडलेली बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका सापडली ती अशाच एका स्पिटफायरच्या छायाचित्रात.

तोवर कॉटन तुकडीत राहिला नव्हता. जून १९४० मध्ये फ्रान्स पडत असताना त्याला पदावरून काढले आणि तुकडी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली. तो नियम मोडतो, लष्करी विमाने खासगी कामाला वापरतो, असे आक्षेप होते. पुढच्या वर्षी त्याला ओ.बी.ई. हा किताब दिला. काढून टाकलेल्या माणसाला सन्मान देऊन गप्प करण्याची ही रीत साम्राज्यात रुळलेली होती. युद्धाची पुढची वर्षे त्याने कडेला उभे राहून काढली. पंचेचाळिशी ओलांडलेली, डोक्यात कल्पना, हातात हुद्दा नाही.

आता इकडे वळू. निजामाचे आणि हवाई युद्धाचे नाते कॉटनच्या आधीपासूनचे होते. पहिल्या महायुद्धात निजामाने ब्रिटिशांना विमाने भेट दिली. त्या तुकडीचे नावच '११० हैदराबाद' पडले. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा पैसा गेला आणि १५२ व २५३ या दोन ब्रिटिश तुकड्यांना हैदराबादचे नाव मिळाले. त्यांनी १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी झुंज दिली. १५२ व्या तुकडीच्या चिन्हावर निजामाचे शिरोभूषण आहे आणि तिचे ब्रीद 'विश्वासू मित्र' असे आहे. हा निजामाचा किताब, ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र. हा पैसा संस्थानाच्या खजिन्यातला, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतल्या कुणब्याच्या साऱ्याचाही त्यात वाटा. डोक्यावरून विमान गेले तर गाव घराबाहेर यायचे त्या काळात आमच्या शेतकऱ्याने लंडनच्या आकाशातली विमाने पोसली होती. आणि निजामाला खरोखर वाटत होते की या मैत्रीची परतफेड होईल.

झाली नाही. १९४७ साली ब्रिटिश गेले. २९ नोव्हेंबरला भारत आणि हैदराबाद यांच्यात एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. मग मीर लायक अली पंतप्रधान झाले. जानेवारीत कन्हैयालाल मुन्शी भारताचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत आले. संस्थानाने पाकिस्तानला वीस कोटींचे भारत सरकारचे रोखे दिल्याचे प्रकरण तेव्हाच गाजले. रझाकारांची संघटना वाढत गेली. आमच्याकडे आष्टी, पाटोदा, गेवराईची माणसे हद्द ओलांडून नगर जिल्ह्यात जाऊ लागली. सरहद्दीवर मुक्तिसंग्रामाच्या छावण्या पडल्या. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामीजींनी शिकवले होते, त्यामुळे त्या गावात मुलांपासून मास्तरांपर्यंत सगळेच चळवळीत ओढले गेले. भारताने संस्थानाची आर्थिक कोंडी केली आणि शस्त्रे मिळण्याचे मार्ग बंद झाले. हैदराबादचे सेनापती अल इद्रूस यांच्याकडे शिस्तीचे सैन्य होते, पण त्याला पुरवठा नव्हता.

अशा वेळी कॉटन आला. तो भुईमुगाच्या शेंगा खरेदी करायला आला होता असे सांगतात. युद्धानंतर इंग्लंडमध्ये खाद्यतेलाचा तुटवडा होता, त्यामुळे ही गोष्ट अगदीच अशक्य नाही. कापूस नावाचा माणूस भुईमूग घ्यायला निजामाच्या राज्यात आला आणि बंदुका आणून देऊ लागला, हा योगायोग आमच्यासारख्या कापूस-भुईमुगाच्या मुलखातल्या माणसाला गंमतीचा वाटतो. त्याने हैदराबादच्या सरकारशी सौदा केला आणि युद्धात जुळवलेले सगळे ज्ञान, ओळखी आणि बेफिकिरी पणाला लावली.

विमानाची निवड पाहण्यासारखी आहे. त्याने 'लँकेस्ट्रियन' वापरली. जर्मनीवर बॉम्ब टाकणारे लँकेस्टर हे ब्रिटिशांचे प्रसिद्ध विमान. त्यातले तोफांचे बुरूज काढून, नाक निमुळते करून त्याचे प्रवासी विमान बनवले ते लँकेस्ट्रियन. चार मर्लिन इंजिने, म्हणजे स्पिटफायरला होते तेच इंजिन, चार वेळा. प्रवासी म्हणून ते फार महाग. लंडन-सिडनी मार्गावर ते फक्त नऊ प्रवासी घेऊन जात असे. पण पल्ला प्रचंड. कराचीहून निघून बीदरला माल उतरवून, इंधन न घेता कराचीला परत जाणे त्याला सहज शक्य होते. शिवाय लंडन-सिडनी मार्गावर कराची हा ठरलेला थांबा होता, त्यामुळे तिथे या जातीचे विमान दिसणे हे नवल नव्हते. १९३९ साली कॉटनने विमानातून बंदुका काढून टाकल्या होत्या. १९४८ साली बंदुका काढलेल्या विमानात त्याने बंदुका भरल्या.

उड्डाणे रात्रीची असत. १९४८ च्या पावसाळ्यात ती चालली होती. बीदरच्या धावपट्टीवर खोकी उतरत, त्यांतून बंदुका, दारूगोळा निघे. औषधेही नेली, असे कॉटनच्या बाजूने सांगितले गेले. लायक अलींनी आपल्या आठवणींत या विमानांची वाट पाहिल्याचे लिहिले आहे. मुन्शींच्या पुस्तकातही कॉटन आहे. भारताने ब्रिटनकडे तक्रार केली, ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाले. पण विमान अडवायचे कसे? स्वतंत्र भारताचे हवाई दल म्हणून ते वर्षभराचे, त्याची ताकद काश्मीरच्या लढाईत गुंतलेली आणि रात्री शत्रूचे विमान शोधून गाठण्याची सोय नाही. कॉटनला हे पुरते ठाऊक होते. तीस वर्षांपूर्वी जर्मनीवर रात्री उडताना त्याने याच अंधाराचा आधार घेतला होता.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'निजामाची विमाने' येतात. रात्री घरघर ऐकू यायची, कंदील विझवायचे, बायका लेकरांना गप्प करायच्या. मी अशा हकीगती पुष्कळ ऐकल्या. त्या सगळ्या कॉटनच्या विमानांच्या आहेत असे मानायला मी तयार नाही. सप्टेंबरात भारताची विमाने दिवसाढवळ्या या मुलखावर आली, त्यांचा आवाज आणि आधीच्या महिन्यांतल्या अफवा आठवणीत एकमेकींत मिसळल्या असणार. आठवण खोटी नसते, पण तिला तारीख नसते. मात्र या हकीगतींमधून एक गोष्ट निश्चित कळते. विमाने येत आहेत आणि त्यांतून शस्त्रे येत आहेत, ही बातमी खेड्यापाड्यांत पोहोचली होती.

आणि इथे मला आपल्या लेखनातल्या एका समजुतीविषयी बोलायचे आहे. 'कॉटनने रझाकारांना शस्त्रे दिली' हे वाक्य आपण सर्रास लिहितो. विमानाने आलेला माल मुख्यतः संस्थानाच्या सैन्यासाठी होता. गावात शिरणाऱ्या रझाकाराच्या हातात बहुतेक वेळा तलवार, भाला, जंबिया किंवा ठासणीची बंदूक असे. त्याच्या मागे पोलीस आणि महसुली अधिकारी उभे असत, तेच त्याचे खरे शस्त्र. रझाकारांच्या हाती नवी ब्रिटिश हत्यारे सर्रास असती तर सप्टेंबरातल्या पाच दिवसांचा इतिहास वेगळा झाला असता. म्हणून कॉटनचे महत्त्व बंदुकांच्या मोजदादीत शोधू नये. ते हैदराबादच्या मंत्रिमंडळाच्या मनात शोधावे. १९४८ च्या जूनमध्ये माउंटबॅटन भारत सोडण्यापूर्वी तडजोडीचा मसुदा तयार होता. त्यात निजामाला पुष्कळ काही राखता येत होते. तो नाकारला गेला. नाकारण्याची कारणे अनेक होती: रझवीचा दबाव, निजामाची चालढकल, संयुक्त राष्ट्रांवरचा भरवसा, जिनांवरचा भरवसा. त्यांतच हेही एक होते की वाट पूर्ण बंद झालेली नाही, वरून विमान येते आहे. दर रात्री उतरणाऱ्या त्या विमानाने बंदुकांपेक्षा जास्त आणला तो भ्रम. माझे हे मत पुराव्याने शंभर टक्के सिद्ध करण्याजोगे नाही, मत म्हणूनच मांडतो. पण लायक अलींच्या आठवणी या दृष्टीने वाचाव्यात.

११ सप्टेंबरला जिना गेले. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौजा चारही बाजूंनी आत शिरल्या. सोलापूरकडून मुख्य आघाडी नळदुर्गमार्गे निघाली. पुण्याहून टेम्पेस्ट विमाने उडाली आणि बीदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब पडले. कॉटनच्या विमानांची उतरण्याची जागाच पहिल्यांदा मोडली, यावरून भारतीय सेनापतींना तो मार्ग किती खुपत होता ते कळते. उत्तरेकडून मेजर जनरल ब्रार यांच्या फौजेने औरंगाबाद घेतले, जालन्याला गुरख्यांची एक तुकडी मागे ठेवली आणि पुढे मोमिनाबादपर्यंत, म्हणजे आमच्या अंबाजोगाईपर्यंत, धडक मारली. तिथे तिसरे गोवळकोंडा लान्सर्स हे हैदराबादचे घोडदळ होते. मोमिनाबादला घोडदळाची छावणी ब्रिटिशांच्या काळापासूनची, हैदराबाद कंटिंजंटच्या वेळची. या पथकाने नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रे खाली ठेवली. बीड जिल्ह्यातली 'लढाई' म्हणतात ती एवढीच. १७ तारखेच्या पहाटे बीदर पडले आणि संध्याकाळी निजामाने शरणागती जाहीर केली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींपुढे १८ ला अल इद्रूस यांनी रीतसर शरणागती दिली.

इथेच थांबून चालणार नाही, जरी आमच्या बहुतेक भाषणांत इथेच थांबतात. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी रझाकारांनी हिंदू गावांवर जे केले ते आपण लिहिले, आणि लिहायलाच हवे होते. नंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झाले ते मात्र बोलण्यातच राहिले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. तिचा अहवाल पासष्टच्या आसपास वर्षे लोकांना पाहायला मिळाला नाही, २०१३ मध्ये उघड झाला. समितीचा अंदाज असा की पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर सगळे मिळून २७ ते ४० हजार माणसे मेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक, किमान १८ हजार. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार. त्या यादीत 'बीर' हे माझ्या जिल्ह्याचे जुने इंग्रजी नाव वाचताना मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. हे आकडे समितीचे अंदाज आहेत, मोजणी नव्हे. पण समिती गावोगाव फिरली होती. मेलेल्यांमध्ये रझाकार होते तसे रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले विणकर, मुलाणी आणि कुळेही होती. त्यांच्यासाठी कराचीहून एकही विमान आले नव्हते. बीदरच्या धावपट्टीवर उतरलेल्या भ्रमाची किंमत मोजायला लागली ती आधी एका बाजूच्या गावकऱ्याला आणि मग दुसऱ्या बाजूच्या गावकऱ्याला. लायक अली पुढे नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. रझवी तुरुंगवास संपवून तिकडेच गेला. कॉटन तर आधीच सुरक्षित होता.

त्याला शिक्षा झाली ती इंग्लंडमध्ये. हवाई वाहतुकीच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल न्यायालयाने त्याला दंड केला, २०० पौंड. पुढे तो तेलाच्या शोधात आणि बांधकामाच्या कंत्राटांत रमला, पैसा पुन्हा मिळवला, पुन्हा गमावला. १३ फेब्रुवारी १९६९ रोजी वारला. त्याच वर्षी राल्फ बार्करने त्याच्या तोंडून ऐकून लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले. इंग्रजी वाचक त्या पुस्तकात स्पिटफायरची आणि फ्रँकफुर्टची प्रकरणे आवडीने वाचतो, आणि हैदराबाद त्याच्या दृष्टीने एका म्हाताऱ्या होत चाललेल्या साहसी माणसाची शेवटची गंमत. त्यांच्या दृष्टीने ते चूक नाही. ती गंमत ज्यांच्या डोक्यावरून गेली त्यांनी तेवढ्यावर समाधान मानू नये, इतकेच.

एका प्रकरणात मात्र कॉटनचे नाव नुकतेच पुन्हा निघाले. सप्टेंबर १९४८ मध्ये, हैदराबाद पडत असताना, संस्थानाच्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग लंडनमधल्या पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या, रहिमतुल्लांच्या, खात्यात वळवले गेले. निजामाने ते परत मागितले आणि पैसे वेस्टमिन्स्टर बँकेत अडकून पडले. सात दशके व्याज साचत राहिले. पाकिस्तानचा एक युक्तिवाद असा होता की ही रक्कम शस्त्रपुरवठ्याची भरपाई होती. त्यासाठी कॉटनची उड्डाणे लंडनच्या उच्च न्यायालयात पुन्हा वाचली गेली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी तो युक्तिवाद फेटाळला आणि पैसा सातव्या निजामाचा ठरवला. तोवर त्याचे सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते. ते भारत सरकार आणि निजामाचे वारस यांच्यात गेले.